डेनियर पाटील आणि पाच नंबरचा गोठा

माझ्या बहिणीचं घरातलं नाव सोनी. शाळेतलं नाव डेनियर. ही दोन्ही नावं एकाच मुलीची आहेत हे सिल्वासातल्या आमलीत साधारण तीस माणसांना माहीत होतं आणि एका माणसाला कळू द्यायचं नव्हतं. तो माणूस म्हणजे आमचे घरमालक प्रभाकरराव.

राव मूळचे कोकणातले. सिल्वासात सरकारी कचेरीत त्यांनी पंचवीस वर्षं आवक-जावक कारकून म्हणून काढली. रिटायर झाल्यावर आवक-जावक सुटेना, म्हणून त्यांनी घराच्या पुढच्या पडवीत फाटकाकडे तोंड करून झोपाळा टांगला आणि घराच्या मागे पाच खोल्या बांधल्या. मग ते दिवसभर झोपाळ्यावर बसून भाडेकरूंची आवक-जावक बघत.

त्या वर्षांत खडोलीकडे कारखाने कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवत होते आणि धुळ्या-नंदुरबारकडून माणसं ट्रकनं येत होती. कारखाने सरकारच्या सवलतीवर उगवले. खोल्या काही सवलतीवर उगवत नाहीत. त्यामुळे ज्याच्याकडे खोली तो राजा, आणि राजा म्हटला की पट्टी आली.

आमच्याकडची पट्टी अशी होती : खोलीचं भाडं एकशेवीस रुपये, लाइट-पाणी धरून, तीन डोक्यांपर्यंत. चौथ्या डोक्यापासून माणशी तीस. हिला चाळीत डोकेपट्टी म्हणत. लहान मूल फुकट. पण ते शाळेत जायला लागलं की डोकं धरायचं.

"शाळेत जाणारं मूल रोज अंघोळ करतं," राव समजावून सांगत. "पाणी लागतं."

म्हणजे आमच्याकडे शिक्षणाला फी नव्हती, अंघोळीला होती.

आमची खोली पाच नंबरची, सगळ्यात शेवटची. तिची आणखी एक गंमत होती. पंचायतीच्या कागदावर रावांच्या खोल्या चारच होत्या. पाचवी गोठा होती. गोठ्याला घरपट्टी नसते. वर्षातून दोनदा पंचायतीचे कारकून सुकदेवभाऊ मोजणीला येत. त्या दिवशी आम्ही आमची भांडी, गोधड्या आणि देव उचलून तीन नंबरच्या सुमनकाकींकडे ठेवत असू. राव रांध्याहून एक भाड्याची म्हैस आणून आमच्या दाराला बांधत. सुकदेवभाऊ चहा पीत, "गोठा एक, म्हैस एक" असं लिहीत आणि जात. संध्याकाळी म्हैस रांध्याला आणि आम्ही परत खोलीत. म्हशीला त्या दिवसाचे दहा रुपये मिळत. आम्हाला काही मिळत नसे.

माझे आप्पा म्हणजे चिंधा. खडोलीत धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला होते, पगार पाचशे ऐंशी. माय पुतळाबाई. मी नीलेश. ही झाली तीन डोकी. चौथं सोनीचं, ते अठ्ठ्याऐंशीच्या जूनपर्यंत फुकट होतं. त्या जूनमध्ये ती सहा वर्षांची झाली आणि सकाळी सकाळी पाटी घेऊन दारात बसली.

आप्पा म्हणाले, "यंदा राहू दे. पुढच्या साली बघू."

सोनीनं नुसता तिसाचा पाढा म्हणायला घेतला. इतर मुलं बडबडगीतं ऐकून मोठी होतात तशी आमच्या घरात ती तीस एके तीस ऐकून झाली होती. तीस त्रिक नव्वद ती अशा आवाजात म्हणाली की आप्पांना चहा गिळवेना.

तिसऱ्या दिवशी शाळेतल्या मंजुषाबाई आल्या. बाई पण कोकणातल्याच, पण त्यांची स्वतःची खोली भाड्याची असल्यामुळे त्या आमच्या बाजूच्या होत्या. त्या येताना दिसल्या तशी चाळीतली सगळी पोरं खाटेखाली गेली.

"पुतळाबाई, पाच खोल्यांत नीलेश सोडून शाळेच्या वयाची सात मुलं आहेत, मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "एकाचंही नाव दाखल नाही. पटावर पस्तीस भरली नाहीत तर माझी मराठीची तुकडी बंद. आणि माझी बदली रांध्याला. दिवसाला एक बस."

"आमची काय हौस आहे का बाई?" माय म्हणाली. "राव हजेरी बघायला येतात तुमच्याकडे."

हे खरं होतं. दर जुलैत राव शाळेला गरीब मुलांसाठी वह्या देत. वह्या देण्याआधी हजेरी मागून घेत आणि नाव न् नाव वाचत. आमच्या चाळीतलं नाव दिसलं की बाजूला बारीक टिंब. दोनशे पानी वही एकदा, आणि त्याबद्दल दर महिन्याला तीस रुपये. असा दानशूर माणूस मी परत पाहिला नाही.

आप्पा खाटेवर बसून विचार करत होते. त्यांचं चिंधा हे नाव काही हौसेनं ठेवलेलं नाही. त्यांच्या आधीची दोन भावंडं तान्हेपणी गेली, म्हणून आजीनं तिसऱ्याचं नाव चिंधा ठेवलं. यम रेड्यावर बसून यादी घेऊन येणार, चिंधी असं वाचणार, असल्या फडक्यासाठी कशाला रेडा थांबवायचा म्हणून पुढं जाणार, असा तिचा हिशेब. आप्पा वाचले. त्यामुळे नाव ही माणसाला ओळखण्याची नव्हे तर न ओळखण्याची वस्तू आहे, यावर त्यांचा पक्का विश्वास होता.

"नावानं यम गंडतो," आप्पा म्हणाले, "तर हा आवक-जावकवाला काय लागून गेला? बाई, तुमच्या हजेरीत काय काय लिहिता?"

"मुलाचं नाव आणि आडनाव."

"आडनाव पाटील. अकरा पाटील असतील तुमच्याकडे. त्याच्यात बारावा खपून जातो. नाव फक्त दुसरं पाहिजे."

"सुनीता लिहू?" बाईंनी पेन काढलं.

"नको! दोन नंबरमध्ये सुनीता आहे, चार वर्षांची. राव तिचं डोकं धरतील. फुकट दोन नंबरवाल्यांवर तीस रुपये. असं नाव पाहिजे, जे चाळीत कोणाचंच नाही. आमलीत नाही. जगात नाही."

असं नाव माणसांत मिळणं कठीण, म्हणून आप्पा ते कंपनीतून घेऊन आले. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर त्यांनी खिशातून खोक्याचा एक तुकडा काढून बाईंपुढे ठेवला. त्यावर छापलं होतं : १५० डेनियर.

"डेनियर म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"धाग्याची जाडी असते बाई."

"मुलगी तर किडकिडीत आहे."

"मग दीडशे लिहू नका. नुसतं डेनियर लिहा."

एकदा वाट दिसल्यावर चाळ थांबते थोडीच. चार नंबरवाल्यांचा मुलगा व्हाल्व्ह झाला. दोन नंबरची मोठी मुलगी ग्लिसरीन झाली, आणि खरं सांगायचं तर तिला ते शोभलं. सुमनकाकी खोक्यावरचं सगळंच उतरवून घेऊन आल्या होत्या. "धिस साइड अप" हे नाव रकान्यात मावत नाही म्हणून बाईंनी नाकारलं. मग त्यांनी "फ्रॅजाइल" निवडलं. हा फ्रॅजाइल पाटील पहिल्याच आठवड्यात तिघांचे दात पाडून बसला. बाई रोज सकाळी हजेरी घेत तेव्हा बाहेरच्या माणसाला वाटे, आत मालाची डिलिव्हरी चालली आहे.

जुलैत राव आले. हजेरी वाचली. डेनियरपाशी थांबले.

"हे कोण?"

मंजुषाबाईंनी हजेरी मिटायला हात पुढं केला. पण राव स्वतःच म्हणाले, "ख्रिस्ती दिसतात. वसईकडे पाटील ख्रिस्ती असतात. पोर्तुगीज नाव आहे. मी बघताक्षणी ओळखलं." मग ग्लिसरीनवर बोट ठेवलं. "ही पण तिकडचीच. द्या, द्या, त्यांनाही वही द्या. आपण भेद करत नाही."

टिंब एकही पडलं नाही.

आता राहिला प्रश्न रोज शाळेत जायचा. झोपाळा फाटकासमोर, फाटक एकच. दप्तर घेऊन गेलं की डोकं धरलं. पण संडास फाटकाबाहेर होते. तेव्हा सोनी रोज सकाळी सातला घरच्या झग्याखाली गणवेश घालून, हातात टमरेल घेऊन निघे आणि साडेबाराला परत येई. पाटी-पुस्तकं माझ्या दप्तरात. तिच्यामागून व्हाल्व्ह, ग्लिसरीन, फ्रॅजाइल आणि बाकीचे, सगळ्यांच्या हातात टमरेल. शाळेच्या पायरीवर सात टमरेलं ओळीनं ठेवलेली असत. बाईंनी त्यांवर मुलांवर घेतले नसतील इतके कष्ट घेऊन नंबर घातले होते.

पंधरा दिवस रावांनी पाहिलं. मग एका सकाळी मायला थांबवून हळूच म्हणाले, "पुतळाबाई, पोरीला पाणी उकळून देत जा. साडेपाच तास म्हणजे जास्त होतात."

"हो ना," माय म्हणाली. "आज तर जरा लवकरच आली."

"सगळ्याच पोरांना झालंय. साथ दिसते."

साथीची बातमी पंचायतीत गेली तर मोजणी लागेल या भीतीनं रावांनी त्या आठवड्यात पाण्याची टाकी धुऊन घेतली. चाळ बांधल्यापासून पहिल्यांदा. आतून एक चप्पल निघाली. पुढं मे महिन्याच्या सुट्टीत साथ आपोआप आटोक्यात आली आणि जूनच्या बारा तारखेला पुन्हा पसरली. राव म्हणाले, हवामान.

असे चौदा महिने निघाले. सगळं नीट चाललं होतं. बिघडवलं ते सोनीच्या हुशारीनं.

एकोणनव्वदच्या जुलैत शाळेत पाढ्यांची स्पर्धा झाली. दुसरीतल्या डेनियर पाटीलनं तिसापर्यंतचे पाढे एकदाही न अडखळता म्हटले आणि तिसाचा तर उलटाही म्हटला. तिच्यापुढं सातवीची मुलं हरली. मी सहावीत होतो, मी पण हरलो. पहिलं बक्षीस झाकणाचा स्टीलचा डबा. डब्यावर बाईंनी हौसेनं नाव घालून घेतलं होतं : कु. डेनियर पाटील. बक्षीस समारंभ दोन ऑगस्टला, मुक्तिदिनाला, शाळेच्या मैदानात.

सोनी घरी येऊन म्हणाली, "मी टमरेल घेऊन जाईन आणि डबा घेऊन येईन." तिला याच्याहून मोठी प्रगती कल्पनेत येत नव्हती.

एकतीस जुलैला मंजुषाबाई धापा टाकत आल्या.

"घात झाला. पाहुणे येणारे साहेब सुट्टीवर गेले. हेडमास्तरांनी प्रमुख पाहुणे म्हणून प्रभाकररावांना सांगितलंय."

आप्पांनी बोटांवर हिशेब केला. चौदा महिने, तीसप्रमाणे, चारशे वीस. ते फक्त आमचे. एक टमरेल उघडं पडलं की सातही पडणार. राव मागची बाकी एकदम मागणार, आणि नाही दिली तर खोली खाली करायला सांगणार. आमलीत दुसरी खोली आता अडीचशेच्या खाली नव्हती, तीही पागडी देऊन.

"सोनी आजारी," आप्पा म्हणाले. "बक्षीस बाई घेतील."

"मी आजारी नाही," सोनी म्हणाली.

"अगं, वर्षभर अख्ख्या चाळीला जुलाब आहेत, तुला एक दिवस ताप नाही येऊ शकत?" मी म्हणालो.

"डबा मी जिंकला. मीच घेणार."

"बेटा, डबा घरीच येणार ना," आप्पा म्हणाले.

"मग घरीच आणायचा होता. स्पर्धा कशाला घेतली?"

ती कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली आणि जेवली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतही गेली नाही. तिचं टमरेल दाराशी तसंच पडलं होतं. रावांनी झोपाळ्यावरून ओरडून विचारलं, "पुतळाबाई, पोरगी बरी झाली वाटतं?"

तेव्हा माय आप्पांना म्हणाली, "ऐकलं का हो? तुमच्या आईनं तुमचं नाव चिंधा ठेवलं ते तुम्ही जगावं म्हणून. घरात कोंडून ठेवायला नाही ठेवलं. माझी पोर बक्षीस घ्यायला जाईल. चारशे वीस गेले तर गेले."

"कुठून जातील? असायला पाहिजेत ना जायला!"

इथं मी तोंड घातलं. म्हणालो, मुक्तिदिनाला पोरं वेष करून येतातच. सोनीला स्वातंत्र्यसैनिक करू. फेटा, धोतर, मोठ्या मिशा. राव काय, यमसुद्धा ओळखणार नाही. तिनं तोंड उघडायचं नाही, डबा घ्यायचा, सलाम ठोकायचा, उतरायचं. राव मुलांना माइकवर कुठे राहतोस वगैरे विचारतात. विचारलंच तर एकच उत्तर : "भारतात!" टाळ्या पडतील आणि विषय संपेल.

ही योजना माझी होती हे मी नंतर बरेच दिवस नाकारत होतो.

दोन ऑगस्टला मैदानात मांडव होता. स्टेजवर हेडमास्तर, मध्ये हार घातलेले प्रभाकरराव आणि त्यांच्या शेजारी सुकदेवभाऊ, कारण खुर्च्या पंचायतीच्या होत्या. खाली पहिल्या रांगेत अख्खी चाळ. सोनीला आप्पांच्या धोतरात गुंडाळलं होतं. मिशा मायच्या काजळाच्या, कानापर्यंत.

"पाढे पाठांतर, प्रथम क्रमांक, कुमारी डेनियर पाटील!"

कुमारी मिशीला ताव देत स्टेजवर गेली. राव खूश झाले. त्यांना पोर्तुगीज भाषेतला एकच नमस्कार यायचा, तो त्यांनी माइकवर वापरला, "बों दीया, बाळ!" आणि डबा हातात न देता तसाच धरून ठेवला. म्हणाले, "आधी सांग, राहतेस कुठे?"

"भारतात!" सोनी ओरडली.

टाळ्या पडल्या. मी आप्पांकडे बघून मान उडवली.

"वा! भारतात कुठे?"

एवढं आम्ही शिकवलं नव्हतं. सोनीनं थोडा विचार केला. "दादरा नगर हवेलीत."

"छान. हवेलीत कुठे?"

"सिल्वासात."

"सिल्वासात कुठे?" रावांना मजा येऊ लागली होती.

"आमलीत."

"अरे, मी पण आमलीतच! आमलीत कुठे?"

सोनीनं खाली आप्पांकडे बघितलं. आप्पांनी डोळे मिटले. ती डब्याकडे बघत होती. तिला घाम फुटला होता, आणि उजवी मिशी हळूहळू हनुवटीवर उतरत होती. राव वाकून त्या मिशीखालचा चेहरा न्याहाळू लागले.

"तुमच्या गोठ्यात," सोनी माइकवर म्हणाली.

सिल्वासातला तो कर्णा चांगला होता. पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

सुकदेवभाऊ खुर्चीत सरळ झाले. "गोठ्यात? राव, तिथं तर म्हैस असते ना?"

"म्हैस फक्त तुम्ही येता तेव्हा असते," सोनीनं त्यांना सांगितलं. खोटं बोलू नये असं तिला मंजुषाबाईंनी शिकवलं होतं, ज्यांनी तिचं नाव डेनियर लिहिलं होतं त्याच बाईंनी.

मैदान हसलं. बहुतेकांना तो विनोद वाटला. राव पण हसले, पण नुसत्या दातांनी. "मुलीची कल्पनाशक्ती दांडगी आहे," असं म्हणत त्यांनी डबा तिच्या हातात कोंबला आणि वर स्वतःच्या खिशातले पाच रुपये दिले. सोनीनं सलाम ठोकला. सुकदेवभाऊ माइकपासून तोंड वळवून म्हणाले, पण तरी ऐकू आलं, "राव, सोमवारी येतो. टेप घेऊन."

संध्याकाळी पाचला राव आमच्या दारात उभे राहिले. गळ्यातला हार काढायचा विसरले होते.

"चिंधा," ते म्हणाले, "चौदा महिने?"

"हो राव."

"ती साथ?"

"शाळा होती राव."

"ग्लिसरीन?"

"दोन नंबरची."

राव दाराला टेकले. "मी टाकी धुतली," ते स्वतःशीच म्हणाले. मग सावरले. "ठीक आहे. पै न् पै घेईन. सगळ्यांची. आणि महिनाअखेर खोली खाली."

"कुठली खोली, राव?" आप्पांनी विचारलं. "कागदावर तर गोठा आहे. गोठ्यात माणसं राहत नाहीत. माणसं नाहीत तर डोकी कुठली? अन् माणसं राहतात म्हणालात, तर सोमवारी सुकदेवभाऊंना तसं सांगू का? किती वर्षांची घरपट्टी बाकी निघेल?"

रावांनी मागं वळून फाटकाकडे बघितलं.

तेवढ्यात तीन नंबरमधून सुमनकाकी येऊन उभ्या राहिल्या, मागून फ्रॅजाइल. "राव, मला पण विचारतील ना सुकदेवभाऊ," त्या म्हणाल्या. "मला म्हैस कधी दिसली होती अन् कधी नव्हती, ते आठवावं लागेल. डोकेपट्टीच्या काळजीनं माझं डोकंच चालत नाही बघा."

रावांनी हार काढून हातात घेतला. आवक किती, जावक किती, याचा हिशेब त्यांच्या तोंडावर चालू होता.

"सोमवार निभावून न्या," शेवटी ते म्हणाले. "निभला तर डोकेपट्टी बंद. सगळ्यांची. मागचीही माफ. नाही निभला तर मी घरपट्टी भरेन, पण तुमच्याकडून वसूल करून भरेन, आणि पाचही खोल्या खाली करवीन."

सोमवारी आम्ही भांडी, गोधड्या आणि देव सुमनकाकींकडे नेले. म्हैस आली. या खेपेला राव कमी पडले नाहीत. आत कडबा टाकला, शेण सारवलं, भिंतीला खुंटी ठोकली. माझ्या अभ्यासाच्या जागी घमेलं होतं.

सुकदेवभाऊ टेप घेऊन आले. पण टेप उघडली नाही. चहाही घेतला नाही. म्हशीभोवती एक चक्कर मारली आणि खुंटीजवळ उभे राहिले.

"आपली म्हैस आहे, राव?"

"हो तर."

"किती वर्षं?"

"झाली की चारेक."

"मग नाव काय हिचं?"

राव म्हशीकडे बघू लागले. पंचवीस वर्षं हजारो कागद नोंदवलेला माणूस, पण म्हशीचं नाव नोंदवायचं राहून गेलं होतं. आम्ही सगळे सुमनकाकींच्या दारातून बघत होतो. आप्पा ओठ हलवत होते, पण त्यांच्या तोंडी फक्त खोक्यांवरची नावं येत असणार. म्हशीला पॉलिएस्टर म्हणून चाललं नसतं.

"चार वर्षं दूध पिताय अन् नाव माहीत नाही?" सुकदेवभाऊंनी वही उघडली.

"सोनी," मागून आवाज आला.

माझी बहीण डबा कडेवर घेऊन पुढं आली होती. तिनं म्हशीच्या मानेवर हात ठेवला. "हिचं नाव सोनी आहे."

म्हशीनं मान हलवली. माशी बसली होती, पण वेळेवर बसली.

सुकदेवभाऊंनी तिच्याकडे निरखून बघितलं. मिशी नव्हती, पण डबा ओळखला. "आणि तू कोण?"

सोनीनं डबा फिरवून त्यावरचं नाव त्यांच्यापुढं धरलं.

"डेनियर," त्यांनी वाचलं. "तू त्या दिवशी स्टेजवर म्हणालीस, मी गोठ्यात राहते."

"सोनी गोठ्यात राहते," ती म्हणाली. "आणि मी दिवसभर सोनीबरोबरच असते. विचारा कोणालाही."

सुकदेवभाऊंनी आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या. इतक्या मनापासून माना डोलवायची संधी माणसाला क्वचित मिळते.

"बरं," सुकदेवभाऊ म्हणाले आणि लिहू लागले, "गोठा एक, म्हैस एक, नाव सोनी." मग पेन खिशाला लावता लावता म्हणाले, "मी आता अधूनमधून येत जाईन राव. न सांगता. दाराबाहेरूनच, तुमच्या सोनीला बघायला."

ते गेले तसे राव झोपाळ्यावर जाऊन बसले. बराच वेळ त्यांनी पायानं झोका दिला नाही. भाड्याची म्हैस आता परत पाठवता येणार नव्हती, ती विकतच घ्यावी लागणार होती, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी ती घेतली. आमच्याच दाराशी बांधली आणि दुधाचा रतीब आम्हालाच लावला, लिटरमागे आठ आणे जास्त. पण डोकेपट्टी बंद झाली ती झालीच.

मंगळवारी सकाळी सात मुलं पाठीवर दप्तरं लावून फाटकातून बाहेर पडली. रावांनी मोजली.

त्या रात्रीच्या जेवणाआधी आप्पा सोनीला म्हणाले, "बेटा, आता भीती नाही. शाळेत सांगून तुझं खरं नाव लावून घेऊ. बाई म्हणतात, मोठ्या रजिस्टरात शाईनं चढलंय, अर्ज करावा लागेल. करू."

"आता कसं लावणार?" सोनी डब्याचं झाकण उघडत म्हणाली. त्यात तिनं म्हशीसाठी भाकरीचा तुकडा ठेवला होता. "ते मी तिला दिलं ना."

आणि ती बाहेर गेली. थोड्या वेळानं मायनं जेवायला हाक मारली, "सोनी!"

दारातून म्हशीनं आत डोकं घातलं.